सासूबाईंचं बाहेर बसणं

बाहेर बसण्याच्या प्रथेला माझ्या नाती नावं ठेवतात. बरोबरच आहे त्यांचं, मीही मान डोलावते. पण खरं सांगायचं तर लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं मला सगळ्यात गोड आठवतं ते तेच: मागच्या अंगणातली कवेलूच्या छपराची खोली, तीन दिवस चुलीपासून सुटका, आणि सोबतीला सासूबाई.

मी नरखेडकडची, संत्र्यांच्या बागेत वाढलेली. नागपुरात सासऱ्यांची लकडगंजात लाकडाची टाल, म्हणजे वखार, होती. लढाईचे दिवस, रॉकेलची मारामार, आणि घरात माणसांचा राबता. स्वयंपाकघर थोरल्या जाऊबाईंच्या ताब्यात. त्यांच्या हाताखाली जी सून टिकली ती कुठेही टिकेल. त्यामुळे कावळा शिवला की मला सुटी लागल्यासारखं वाटायचं. जेवण दुरून वाढलेलं, कुणाला शिवायचं नाही, पण कामही कुणी सांगायचं नाही.

सासूबाईंचं बसणं तसं कधीच संपलं होतं. मी घरात येण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या डाव्या छातीत गाठ झाली होती. इस्पितळात छाती कापून काढली तेव्हा कुठे जीव वाचला. डावा हात तेवढा सुजलेला राहिला. पदराची जाड घडी त्या डाव्या बाजूला अशी घ्यायच्या की नवख्या माणसाला काही कळू नये. आणि माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत, एके सकाळी, त्या गुपचूप मागच्या खोलीत येऊन बसल्या.

"आत्याबाई, नवी सून आली तं तुम्ही बी जवान होऊन राहिल्या का?" जाऊबाई सासूबाईंना म्हणाल्या, आणि घरभर हशा पिकला. सासूबाई लाजून लाल झाल्या. सगळ्यांना ते चांगलंच लक्षण वाटलं. आजारानं आटलेलं रक्त पुन्हा भरलं, अंगात जीव आला, असं शेजारणीही म्हणाल्या.

मला तर सोबतच मिळाली. घर कडक सोवळ्याचं. दोघींचे दिवस मागेपुढे, म्हणून आम्हीही एकमेकींना शिवायचं नाही. मधे एक काठी आडवी टाकलेली. काठीच्या अलीकडे मी, पलीकडे त्या. माहेरून आलेली संत्री सोलत आम्ही दुपारच्या दुपार गप्पा मारायचो. त्या सावनेरच्या आपल्या लहानपणाचं सांगायच्या, सासऱ्यांची नक्कल करायच्या, आणि उजव्या हातानं सागरगोटे असे झेलायच्या की मी हरायचीच. "काहून वं, संत्री खाऊन बी हाताले जोर नाही तुझ्या?" म्हणायच्या. आईला सोडून आलेल्या मला त्या खोलीतच आई मिळाली.

मग मला दिवस गेले आणि माझं बाहेर बसणं थांबलं. त्यांचं वाढलं. उठून न्हाऊन आत येतात न येतात तोच पुन्हा बाहेर. पाळी जाता जाता असंच होतं म्हणे बायकांचं. मला वाईट वाटायचं ते त्यांच्या एकटेपणाचं. आजाराचा विचार कुणाच्याच मनाला शिवला नाही, त्यांच्याही नाही. एका घरात ती पीडा दोनदा कशाला येईल?

माझ्या बाळंतपणाला एक डॉक्टरीणबाई घरी आल्या. पुण्याकडच्या, तोंडानं फटकळ. मी कळांनी हैराण झालेली. त्या म्हणाल्या, "हिची सासू कुठाय? कुणी मोठं माणूस बसवा हिच्या उशाशी."

"त्या बाहेर बसल्या आहेत," जाऊबाई म्हणाल्या.

"कोण? सासू?" डॉक्टरीणबाईंनी माझ्यावरची नजर काढून जाऊबाईंकडे पाहिलं. "वय काय त्यांचं?"

मुलगी झाली. हात धुऊन त्या तडक मागच्या खोलीत गेल्या. तिथून आल्या त्या सासऱ्यांना हाक मारत. मी बाळंतिणीच्या खोलीतून दाराआडचं सगळं ऐकत होते. "या वयात असं रक्त जाणं म्हणजे पाळी नव्हे, रोग आहे," त्या म्हणाल्या.

"समजलं मले," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "तोच रोग वापस आला. तवाच्या डाक्टर साहेबानं सांगतलं होतं, वापस आला तं इस्पितळात आणू नका, काही होत नाही. आता तिले चिरफाड नको, बाई. घरीच राहू द्या."

"परत आला असेल तर मीही आग्रह करणार नाही. पण मला तसं वाटत नाही. आधी आतला एक तुकडा काढून तपासू द्या."

तेवढ्याला ते कसेबसे कबूल झाले. तुकडा काढला, आणि उत्तर यायच्या आतच सावनेरहून माणसं भेटायला येऊ लागली. कुणी त्यांच्या आवडीचे अनारसे आणले, कुणी नवं लुगडं. सगळे गोड बोलायचे आणि अंगणात जाऊन डोळे पुसायचे. मला त्या अनारशांचा राग यायचा. सासूबाई मात्र मुकाट्यानं खायच्या.

डॉक्टरीणबाई उत्तर घेऊन स्वतः आल्या. "हा गर्भाशयाचा आहे. नवा. जुन्याचं आणि याचं काही नातं नाही. अजून पिशवीच्या आतच आहे, पिशवी काढली तर बाई वाचतील."

सासऱ्यांचा जन्म लाकडात गेलेला. त्यांनी विचारलं, "म्हणजे त्याच झाडाची ही फांदी नाही?"

"नाही. झाडच वेगळं."

सासरे ओसरीवर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग नाक पुसून म्हणाले, "गाडी सांगा. उद्याच नेतो."

त्या संध्याकाळी सासूबाई माझ्या दाराशी आल्या, उंबऱ्याबाहेर बसल्या. "छाती गेली. आता पिशवी बी जाईन. माह्यात बाईचं काय राहिलं वं?"

मला रडू येत होतं, पण तोंडातून राग निघाला. "मले सासू पाहिजे, आत्याबाई. बाकीचं काय राहिलं ते मी पाहत बसत नाही."

त्या गेल्या, आणि फार दिवसांनी परत आल्या. अर्ध्या झालेल्या, भिंतीला धरून चालणाऱ्या, पण आल्या.

माझी मुलगी रांगू लागल्यावर पुन्हा माझं बाहेर बसणं सुरू झालं. पहिल्याच दिवशी मी त्या खोलीत एकटी बसले होते. केसांचा नुसता गुंता झालेला. तिथे फणी लावायचीही बंदी. सासूबाई आतून फणी घेऊन आल्या आणि सरळ माझ्या पाठीला टेकून बसल्या.

"आत्याबाई, शिवलं की," मी घाबरून पुढे सरकले.

त्यांनी खांदा धरून मला मागे ओढलं. "मले आता कायचा विटाळ? बस नीट."

स्वयंपाकघराच्या दारातून जाऊबाई बघत होत्या. सासूबाईंनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. सुजऱ्या हातानं त्यांनी माझे केस धरले आणि दुसऱ्यानं विंचरायला घेतले.