सोवळ्यातला डबा

सरकारनं इंदुरात अफू सोडवायचं घर उघडलं, तेव्हा आमच्या मराठी मंडळींत त्याची भरपूर टिंगल झाली. होळकरांचं राज्य नुकतंच गेलं होतं, मध्यभारत नावाचं नवं सरकार आलं होतं, आणि नव्या सुनेला घरातला प्रत्येक डबा पुन्हा घासावासा वाटतो तसं या सरकारचं झालं होतं. सियागंजाच्या बाजारापलीकडे एका जुन्या सरदाराचा बंगला रिकामा पडला होता. त्यात खाटा टाकल्या, एक डॉक्टर नेमला, फाटकावर चौकीदार बसवला. अफूबाजांनी तिथेच राहायचं, रोज कमी कमी मात्रा घ्यायची आणि बरं होऊनच बाहेर पडायचं. "अफीमचीची शाळा निघाली," असं लोक म्हणत. हसणाऱ्यांत मीही होते. मग माझ्याच वडिलांना तिथे दाखल करायची वेळ आली.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते दरबारच्या कचेरीत कारकून होते आणि राज्य गेल्यावर कपाटांबरोबर तेही नव्या सरकारकडे गेले. मला कळायला लागल्यापासून मी त्यांना शांतच पाहिलं होतं. मैत्रिणींचे वडील घरात शिरले की पोरी चिडीचूप होत. माझे दादा मात्र माझी वेणी घालून देत आणि पेड वाकडा गेला तर स्वतःच हसत. सकाळ-संध्याकाळ अफूची गोळी घेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. माळव्यात त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण नव्या साहेबाला ते कामावर बसल्या बसल्या झोपलेले सापडले, आणि तो म्हणाला, बरे होऊन या, नाही तर येऊ नका.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते आणि मला कॉलेजात जायचं होतं. मामानं देवासचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. मुलगा कसला, चांगला बाप्या होता. पहिली बायको वारलेली आणि पदरात एक मूल. दादांची नोकरी टिकली तर कॉलेज, गेली तर देवास. हे मला आईनंच समोर बसवून सांगितलं होतं. त्यामुळे दादांचं बरं होणं हे माझं स्वतःचं काम आहे असंच मी धरून चालले.

आता डब्याविषयी सांगायला हवं. अफू सोडवायच्या त्या घरात स्वयंपाकाला एक महाराज होता, पण आई डॉक्टरांसमोर पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आमच्याकडे बाहेरच्या हातचं चालत नाही. ह्यांनी जन्मात कुणाच्या हातचा भात खाल्लेला नाही. सोवळ्यातला डबा घरून येईल." डॉक्टर स्वतः आमच्यातलेच होते. त्यांच्या घरीही त्यांची आई सोवळ्याशिवाय चुलीला शिवत नसणार. त्यांनी मान डोलावली. नियम असा होता की बाहेरून येणारं सगळं चौकीदारानं तपासायचं. आमच्यासाठी तेवढा नियम वाकला.

मग रोज शाळा सुटली की मी तो पितळी डबा घेऊन जायची. आईनं बजावलं होतं, "वाटेत कुणालाही शिवू देऊ नकोस. एकदम सीधी जा, सीधी ये." पोटचं लेकरू न्यावं तसा मी तो डबा न्यायची. फाटकाशी खेड्यांतून आलेल्या बायका भाकरीची गाठोडी उघडून उभ्या असत. चौकीदार त्यांची एकेक भाकरी मोडून पाही, भाजी बोटानं उकरून पाही. त्या मुकाट्यानं बघत राहत. माझी पाळी आली की तो हात पुढे करी आणि मी ओरडे, "हाथ मत लगाओ भिया, सोवळे का है!" तो हात मागे घेई. "जाओ बाईजी, जाओ," म्हणे. त्या बायकांसमोरून मान वर करून आत जाताना मला फार बरं वाटायचं, हे खोटं कशाला सांगू?

डब्यात वरणभात, पोळी, भाजी आणि एक मेथीचा लाडू असे. थंडीचे दिवस होते, दादांची कंबर धरायची, तेव्हा मेथीच्या लाडवात नवल काहीच नव्हतं. दादा बाकीचं जेवण चिवडत, लाडू मात्र शेवटी, सावकाश, डोळे मिटून खात. आणि निघताना म्हणत, "आईला सांग हं, लाडू फक्कड झालाय." मी धावत घरी येऊन निरोप सांगायची. आई चुलीकडे तोंड करून "हूं" म्हणायची.

दादांच्या शेजारच्या खाटेवर बेटमा गावाकडचा एक म्हातारा शेतकरी होता. त्याचे हाल बघवत नव्हते. नाक गळायचं, पाय पिळवटायचे, पोटात काही ठरायचं नाही. तो खाटेची कड धरून कण्हायचा. दादांना यातलं काहीच झालं नाही. दोन-चार जांभया दिल्या असतील तेवढ्याच. डॉक्टर इतके खूश की येणाऱ्याजाणाऱ्याला दादांच्या खाटेपाशी आणून उभं करायचे. "मन का संयम देखिए," असं म्हणायचे. बडे अधिकारी बंगला बघायला आले तेव्हा दादांना पुढे बसवून हारसुद्धा घातला. मी त्या दिवशी मागे उभी होते. अभिमानानं माझं ऊर भरून आलं होतं.

शिवाय माझं एक व्रत चालू होतं. दर बुधवारी मी अनवाणी खजराण्याच्या गणपतीला जायची आणि दादा बरे होऊ देत म्हणून नारळ ठेवायची. आई माझ्या पायांना रात्री तेल लावून द्यायची. "पुरे आता" असं मात्र एकदाही म्हणाली नाही.

दादांना सोडायचं ठरलं त्या आठवड्यातली गोष्ट. त्या दिवशी आईनं दोन लाडू दिले होते. म्हातारा फारच तळमळत होता. दादा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि मग आपल्या पुढ्यातला लाडू मोडून अर्धा त्याच्या हातावर ठेवला. माळव्यात अमल, म्हणजे अफू, एकट्यानं घेत नाहीत. समोर माणूस बसला असेल तर आधी त्याच्या तळव्यावर द्यायची. ही रीत मला ठाऊक होती, पण तेव्हा मनात काही आलं नाही. दादांचा जीव किती मोठा, असंच मला वाटलं.

मी तासभर तिथेच दादांना शाळेतलं काहीबाही सांगत बसले. तेवढ्यात म्हाताऱ्याचं कण्हणं थांबलं. तो उठून बसला, भिंतीला टेकला आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. डॉक्टर फेरीवर आले, त्याच्याकडे बघून थबकले. त्यांनी त्याच्या पापण्या वर करून पाहिल्या. "क्या खाया?" त्यांनी विचारलं. म्हातारा इतका सुखात होता की खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही. "बाबूजी को लाडू खायो साब," तो म्हणाला. "लाडू में अमल हे. भोत चोखो."

डॉक्टरांनी डब्यात हात घातला. कुणीतरी परक्यानं त्या डब्याला शिवण्याची ती पहिली वेळ, आणि मी सवयीनं "सोवळ्यातला आहे!" असं ओरडलेसुद्धा. त्यांनी उरलेला लाडू फोडला. आत चण्याच्या दाण्याएवढी काळी, चिकट गोळी होती.

"पोरी, तुला हे माहीत होतं?" डॉक्टर मला म्हणाले.

मी दादांकडे बघितलं. मला वाटलं, आता ते बोलतील. म्हणतील, तिला काही माहीत नाही, ती लहान आहे. दादांनी पंचा तोंडावरून फिरवला आणि आपल्या त्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "डबा तीच आणते डॉक्टरसाहेब. मला काय ठाऊक त्यात काय असतं?"

माझी वेणी घालणारा माणूस हे बोलला. मी रडले नाही. मला इतका राग आला की कानांत आवाज यायला लागला. सगळे रोगी माझ्याकडे बघत होते आणि फाटकावरचा चौकीदारही दारात येऊन उभा राहिला होता. बाहेर पडताना तो बाजूला सरला, पण या वेळी "बाईजी" म्हणाला नाही.

घरी येऊन मी रिकामा डबा आईसमोर आदळला. तिला सांगायची गरज पडली नाही. "कुठून आणायचीस?" मी विचारलं. "सियागंजातून," ती म्हणाली, "बाळाला द्यायची आहे म्हणून." गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना गोळी चाटवून झोपवत, त्यामुळे कुणी काही विचारत नसे. आमच्या घरात बाळ नव्हतं.

मग तिनं पदर बाजूला करून उजवा हात पुढे केला. तो कोपरात कधीच सरळ होत नसे. विहिरीवर पडले, असं तिनं मला सांगितलं होतं. "ह्यांनी केलंय हे," ती म्हणाली. "तू पाळण्यात होतीस. तुझ्या रडण्याचा त्रास झाला म्हणून. तू जो बाप बघितलास ना बेटा, तो असली बाप नाही. पोटाच्या दुखण्यावर वैद्यानं गोळी दिली आणि माणूस एकदम ठंडा झाला. दुखणं गेलं. गोळी मी जाऊ दिली नाही. आता हे लोक त्यांना सुधारून घरी पाठवणार, मग मी काय करू? तूच सांग."

मी तिचा पदर ओढून तो हात पुन्हा झाकला. पण तिनं मला का नाही सांगितलं? बुधवारी माझे पाय सोलवटून येत होते, आणि जे होऊ नये म्हणून ती लाडू वळत होती तेच मी देवाकडे मागत होते. तिनं ते बघितलं आणि वर तेल चोळलं. सांगितलं असतं तर कदाचित मी डबा नेलाही असता. तिला नवऱ्याची भीती होती तशी माझी नव्हती, म्हणून तिनं मला वापरलं. दोघांनीही वापरलं.

पुढचं सगळं पटापट झालं. दादा घरी आले, पहिल्यासारखे शांत. गोळी चालूच राहिली. नोकरी गेली. त्या सरकारी घरात बाहेरचा डबा सरसकट बंद झाला आणि सगळ्यांना एका पंगतीत महाराजाच्या हातचं जेवायला बसवलं. दोन-तीन सोवळेवाल्या घरांनी आपली माणसं उचलून नेली आणि आमच्या नावानं बोटं मोडली. उन्हाळ्यात माझं देवासला लग्न झालं.

निघताना आईनं माझ्या हातात डबा दिला. तोच पितळी. "रस्त्यात भूक लागेल," म्हणाली. दादा दारात उभे होते. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

सासरी पोचल्यावर सासूबाईंनी डबा उघडला. आत लाडू होते, मेथीचे, भर उन्हाळ्यात. मी त्यांच्या हातून डबा जवळजवळ ओढूनच घेतला, परातीत पालथा केला आणि सगळ्या बायकांदेखत एकेक लाडू फोडू लागले. "अगं, काय शोधतेस?" त्या म्हणाल्या. मी शेवटच्या लाडवापर्यंत थांबले नाही.

सगळे साधे होते. परातीत नुसता चुरा झाला होता. सासूबाईंनी तो वाट्यांत घालून सगळ्यांना दिला, आणि मी माझी वाटी न खाताच शेजारच्या बाईपुढे सरकवली.