रफीकचा शंकरपट

रफीक गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या माझ्या दुकानात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स जुळवत बसलो होतो. पुढाऱ्याचे दात पांढरे करायचे तेवढे राहिले होते. फोन रफीकच्या मेहुण्याचा, जावेदचा. "विनूभाऊ, रफीकभाई गेले. डायलिसिसले अकोल्याले घेऊन चाल्लो होतो. रस्ता उकरून ठेवला हाय, गाडी फसली... तिथंच गेले." मग म्हणाला, "मिट्टी आज पाचच्या, असरच्या नमाजनंतर हाय. येता का?" येतो म्हटलं आणि फोन ठेवला. पुढाऱ्याची माणसं समोरच उभी होती. त्यांतल्या एकानं विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, मित्र. तो म्हणाला, "अरेरे... बरं, भाऊचा फोटो जरासा उजव्या बाजूले सरकवा ना बाप्पा." मी सरकवला. दातही पांढरे केले. मग शटर ओढलं आणि अकोटची एसटी धरली.

रफीक अकोटकडचा, खारपाणपट्ट्यातला. तिथल्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहाला चव येत नाही आणि तरणीताठी माणसं किडनीनं जातात. गावात एखाद्याचा चेहरा सुजलेला दिसला की शेजारी लगेच ओळखतात, आणि ओळखूनही पाणी तेच पितात, कारण दुसरं नसतं. त्याचे वडील बैलबाजारात दलाल होते. सौदा करताना रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे, आणि तालुक्यातली कोणती जोडी कोणाच्या गोठ्यातली हे त्यांना तोंडपाठ. ती वर्षं अशी, की बाजारात बैल दाटीनं उभे आणि घेणारा दिसेना. त्यातच शंकरपटांवर बंदी आली. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. हलका छकडा, त्याला दोन बैल, छकड्यावर एक माणूस, सरळ पट्टी आणि शेवटी चुन्याची रेघ. रफीक लहानपणापासून त्या रेघेजवळ उभा राहिलेला. बंदी आली तेव्हा सगळा गाव सरकारला शिव्या देत होता आणि हा शहाणा मला म्हणाला, "विन्या, पट आता कॉम्प्युटरवर पळवतो. तिथं कोणाच्या बापाची बंदी हाय?"

आम्ही आयटीआयला एका बाकावर होतो, त्यामुळे त्याला वेड्यात काढायचा पहिला मान माझा. माझ्या दुकानातला बाद झालेला कॉम्प्युटर त्यानं सायकलच्या ट्यूबनं बांधून एसटीच्या टपावर चढवला. मॉनिटरमध्ये लाल रंग जास्त मारायचा, म्हणून तर मी तो टाकला होता. इंटरनेट त्याच्या गावात नव्हतं. तो रविवारी माझ्याकडे यायचा, गेम बनवायचं फुकटचं सॉफ्टवेअर आणि शिकवणीचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर उतरवायचा आणि शेवटच्या गाडीनं परत. व्हिडिओतला साहेब इंग्रजीत काय बोलतो हे त्याला कळत नसे. आवाज बंद करून तो फक्त साहेबाचा बाण कुठे जातो, काय दाबतो ते बघायचा आणि तसंच दाबायचा. घरी जाऊन बसावं तर लाइट नाही. भारनियमन त्याच्याच घरावर डूख धरून होतं. त्याचा पहिला बैल म्हणजे चार खांबांवरचा डबा होता, आणि तो उलटा पळायचा. मी पोट धरून हसलो. रफीक चिडून म्हणाला, "हसून काय राहिला बे? पळून तर राहिला ना!" पुढे तो बाजारात जाऊन बैलांचे पाय बघत बसू लागला. मोबाइलवर फोटो काढायचा, एकेक पाऊल वेगळं. लोक म्हणायचे, दलालाचा पोरगा बिघडला.

जोडी सरळ पळायला लागली तेव्हा त्यानं ती अमरावतीच्या एका कॉलेजातल्या प्रदर्शनात मांडली. निकाहातला कोट घालून आला होता. तिथल्या चांगल्या मॉनिटरवर गेम सुरू केली... आणि बैल हिरवे! चक्क हिरवे, शेवाळ धरल्यासारखे. घरच्या लाल मॉनिटरवर बघून बघून त्यानं रंग जुळवले होते, लाल कमी करत करत बैल पांढरे केले होते, आणि खऱ्या पडद्यावर त्यांची ही दशा. परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांनी विचारलं, "हे कोणत्या ग्रहावरचे बैल?" सगळं दालन हसलं. रफीक कोटाची बटणं चाचपत म्हणाला, "घरी तर पांढरे हायेत, सर." त्यावर आणखी मोठा हशा. मला त्या माणसांचा आजही राग येतो.

पण हे हसणं काहीच नव्हतं. बैल पांढरे करून त्यानं अकोटच्या स्टँडजवळ एका ओळखीच्याच्या नेटकॅफेत गेम लावली. खेळात तुतारी होती, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. बटण दाबलं की ती बैलाला टोचे आणि बैल वेग घेई. रफीकला खऱ्या पटातही तुतारीचा तिटकारा. म्हणून त्यानं नियम घातला, फार टोचलं तर बैल पडेल आणि शर्यत हरलात. लोक हरायला नको म्हणून कमी टोचतील, असं त्याचं गणित. ते पडणं त्यानं जीव ओतून केलं होतं. आधी पुढचे गुडघे, मग मान, मग जू कलून दुसराही बैल खाली. बघवत नसे, आणि तसंच त्याला हवं होतं. झालं भलतंच. पहिल्याच दिवशी लोकांना पडणंच आवडलं. टोचायचं, पाडायचं, खिदळायचं, पुन्हा सुरू करायचं. रेघेपर्यंत जोडी नेण्यात कोणाला रस नाही. रफीक पाठीमागे उभा राहून कळवळून सांगायचा, "अबे, हात आवर ना! दोनदाच टोच, जोडी पोचते. पोचवून तर पाह्य एकडाव!" कोणी पोचवली नाही. स्वतःची जोडी बाजारात विकून आलेला एक शेतकरी एकदा आला, माझ्या बैलांची नावं टाक म्हणाला. रफीकनं हौसेनं टाकली. त्यानं खुर्चीत बसून ती जोडी पाडली, पुन्हा पाडली, आणि हसता हसता डोळे पुसत उठून गेला. रफीक मला म्हणाला, "मले वाटलं होतं, हा तरी पोचवीन."

मग पुण्याच्या एका कंपनीचा माणूस आला. मोबाइलवर हा खेळ चालेल म्हणाला. रफीकच्या चेहऱ्यावर तेव्हा सूज दिसायला लागली होती, डायलिसिसच्या खेपा सुरू झाल्या होत्या. त्यानं गेम दिली, अट एकच घातली, रेघ ठेवायची. साहेब समजावणीच्या सुरात म्हणाला, "शेवट आला की लोक फोन खाली ठेवतात, रफीकजी." बाहेर आलेल्या खेळात रेघ नव्हती. पट्टी संपतच नाही, बैल पळतात ते पडेपर्यंत. पडण्याच्या नाना तऱ्हा आहेत, वर बक्षीस म्हणून पडद्यावर लाडू उधळतात. रफीकचं नाव कुठे नाही. अकोला-अमरावतीत तो खेळ घरोघरी गेला. डायलिसिसला त्याच्या शेजारच्या खाटेवरचा माणूसही तोच खेळत पडलेला असायचा, एका हातात सुई, दुसऱ्यानं तुतारी. मी एकदा भेटायला गेलो तेव्हा म्हटलं, सांग ना त्याला, हे तू केलंयस. रफीक छताकडे बघत म्हणाला, "राहू दे. त्याचा टाइमपास होऊन राहिला." आणि थोड्या वेळानं, "एक बी जोडी पोचत नाई, विन्या. पण चालते गेम..." असा माणूस वाया घालवला आपण. दुसरा शब्द मला सुचत नाही.

चाळिसाव्या दिवसाचा फातिहा झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको, नसरीनवहिनी, त्याच्या कॉम्प्युटरच्या खोलीत एकटीच होती, हातात मोबाइल, आणि त्यावर तोच खेळ. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, वहिनी, तुम्हीसुद्धा? ती मुळीच चिडली नाही. म्हणाली, "बैल पडते तवा जो आवाज येते ना, तो त्याईचा सोताचा हाय. आवाजासाठी जित्ता बैल पाडायचा का, म्हणे. मंग याच खोलीत डोक्यावर रजई घेऊन सोताच कण्हले. कंपनीनं बाकी सारं बदललं, आवाज तोच ठेवला." ती पदरानं पडदा पुसत राहिली. "फोटो लय हायेत, विनूभाऊ. आवाज कुठीच नाई. येवढाच हाय."

पडद्यावर जोडी पळत होती. वहिनीनं मोबाइल माझ्याकडे सरकवला. "पडल्याबिगर आवाज येत नाई. अन् मले टोचवत नाई, त्याईले आवडत नव्हतं. मी निसती पळतानी पाहत बसतो. आज तुमी आले... तुमी टोचा."

मी टोचलं. पुन्हा टोचलं. ती डोळे मिटून, कान देऊन बसली होती. रफीकनं बैल भारी दमाचे केले होते, लवकर पडेनात. मी टोचत राहिलो.