बोडीत पडलेलं विमान

मला वाघानं नेलं तेव्हा मी विमानातच, सीटच्या मागे ताडपत्रीखाली बसले होते.

मी विमान चालवायला शिकत होते. मामाकडे फोनवर फुशारकी मारली होती, "आज दुपारी एकटीच उडवणार. तुमच्या गावावरून जाईन, वर बघा!" मामानं वर पाहिलं आणि मी खाली आले! उन्हाळ्यातल्या तापल्या हवेनं ते टीचभर विमान असं उचललं, आपटलं, फिरवलं, की सुपातल्या तांदळांची मला दया आली. शेवटी चिमूरकडच्या जंगलाकाठी एका कोरड्या बोडीत (म्हणजे गावच्या लहानशा तळ्यात) कशीबशी उतरले. चाक मोडलं, नाक मातीत रुतलं, दार धाडकन उघडलं.

मग एकदम शांतता. पाखरूसुद्धा बोलेना. दाराबाहेरच्या वाळल्या गाळात वाघाचा पंजा उमटलेला, चांगला ताटलीएवढा! मी सीट ओलांडून मागे गेले आणि ताडपत्री डोक्यावरून ओढून घेतली.

टक.

थोड्या वेळानं पुन्हा, टक. दगडावर दगड ठेवल्याचा आवाज. वाघ दगड रचत नाही (एवढं शिक्षण झालं होतं!). मग कोण?

"सीट रिकामी हाय, दार उघडं हाय. माह्या भाचीले वाघानं नेलं वं!" हा मामा. रडत होता.

"मी म्हनतच होती, पोरीले शिलाई शिकवा," मामी हुंदके देत म्हणाली. "काऊन नाई आयकलं?"

"आता दगड ठेव. लय गुनाची होती."

होती! आमच्याकडे वाघानं माणूस नेलं, की त्या जागी येणारा-जाणारा एकेक दगड ठेवतो. म्हणजे ही रास माझी होती. जिवंत आहे का बघायला पायाला चिमटा काढला, तर काहीच कळेना! (पाय बधिर झाला होता, पण तेव्हा कुणाला सुचतंय?) हाक मारली, तर घशातून आवाज फुटेना. मेल्याची सगळी लक्षणं जुळत होती. आई आठवली आणि खरंच रडू कोसळलं.

तशीच ताडपत्री पांघरून दारात उभी राहिले. जमलेला गाव भूत समजून पळाला, बोडी क्षणात रिकामी!

लांबून मामा ओरडला, "मंजू, जित्ती असशीन तं बोल!"

"मामा... भूक लागली!"

"जित्तीच हाय," मामी म्हणाली आणि धावत येऊन मला घट्ट कवटाळलं.

विमान नंतर उचलून नेलं. पण ठेवलेला दगड उचलायचा नसतो, त्यामुळे रास तिथंच आहे. अनोळखी लोकही थांबून हात जोडतात आणि मलाच सांगतात, ती पोरगी विमान फार सुरेख चालवायची. मी मान डोलावते. मेलेल्या माणसाबद्दल मी कशाला वाईट बोलू?