फ्लॉपीचे पाय धुणाऱ्या विमलताई

“पाय धुतले काय हिचे?”

विमलताई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी त्यांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या दारात हातात फ्लॉपी घेऊन उभा, आणि बाई माझ्याकडे ढुंकूनही न बघता त्या फ्लॉपीची चौकशी करताहेत. मी यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, अकौंटंट होतो, चार माणसं मला साहेब म्हणत, त्यामुळे मला रागच आला. म्हटलं, “बाई, फ्लॉपी आहे ही, म्हैस नाही.”

“म्हैस असती तं मी ओळखली असती,” त्या शांतपणे म्हणाल्या. “गावाहून पाव्हना आला का आपन आधी गडवाभर पानी देतो ना? जावई असला तरी पाय धुऊनच घरात येते. मंग हे कोन लागून गेली?” आणि फ्लॉपी माझ्या हातातून काढून घेऊन त्या दाराजवळच्या टेबलाकडे गेल्यासुद्धा.

त्या टेबलावर एक जुनं मशीन होतं. त्यावर कुणाचंच काम नसे, फक्त बाहेरून आलेली फ्लॉपी तपासायची. त्या काळी एका कॉम्प्युटरवरचं काम दुसऱ्यावर न्यायचं तर ही खिशात मावणारी चौकोनी फ्लॉपीच लागे, आणि कामाबरोबर व्हायरसही तिच्यावर बसून फुकट प्रवास करी. म्हणून ताईंच्या क्लबचा नियम होता की आधी पाय धुवायचे, मग आत. मेडिकलवाला असो, कोर्टातला कारकून असो की कॉलेजातला प्राध्यापक, कुणाला सूट नाही.

क्लब म्हणजे दर रविवारी जमणारे आम्ही दहा-बारा जण. ताई सकाळी विहारातली वंदना आटोपून यायच्या, पांढरं लुगडं बदलायचीही उसंत नसायची. टाइपरायटरचे दिवस भरत आले हे त्यांनी शहरात सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं. अंगावरचं सोनं मोडून दोन कॉम्प्युटर घेतले आणि “एकटीनं शिकून काय करू?” म्हणून आम्हाला गोळा केलं. ती वर्षं कापसाची फार वाईट होती. आमचं जिनिंग ऐन हंगामात अर्धा वेळ बंद असायचं, आणि गावात कापसाचा विषय निघाला की माणसं खाली बघायची. ताईंकडे मात्र त्या विषयाला बंदी होती. “भाव बाहेर चपलांजवळ ठेवा,” असं त्या म्हणायच्या, आणि खरं सांगतो, आठवड्यातले तेवढेच दोन-तीन तास मला श्वास घेतल्यासारखं वाटायचं.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा न्यारी होती. फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक बारीक खिडकी असते. ती उघडी असली की फ्लॉपीवर काहीच लिहिलं जात नाही, म्हणजे व्हायरसही चढत नाही. बंद केली की लिहिता येतं. आम्ही सगळे नेमकं उलटं करायचो. मग ताई कपाळावर हात मारायच्या. “घराची खिडकी लावली का चोर येत नाही. फ्लॉपीची उघडी ठेवली का चोर येत नाही. एवढं ध्यानात राहून नाही राह्यलं तुमच्या? पगार कायचा घेता बाप्पा?”

ज्यांची मशीनं घरी होती त्यांच्याकडे त्या स्वतः लुनावरून जात. स्टीलच्या डब्यात त्यांची खास तपासणीची फ्लॉपी असे. ती मशीनमध्ये घालायची, तिच्यावरूनच मशीन सुरू करायचं आणि झाडून काढायचं. नागपूरहून व्हायरस ओळखून मारणारा नवा मसाला, म्हणजे नवा प्रोग्रॅम, आला की ताई तो त्या फ्लॉपीवर चढवत. एकदा प्राध्यापक गमतीनं म्हणाले, “ताई, आमच्या फ्लॉप्यांचे पाय तुम्ही धुता, तुमच्या फ्लॉपीचे कोण धुते?” ताईंना ते झोंबलं. “माह्या घरच्या मानसाले काय दारात उभं करू?” आम्ही सगळे हसलो आणि विषय तिथंच मिटला.

क्लबात माझ्या लेखी सगळ्यात मोठं काम आत्राम गुरुजींचं चालायचं. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, कळंबकडच्या एका पोडावरचे, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचे. त्यांच्या आजीला कोलामी भाषेतल्या शेकड्यानं गोष्टी आणि गाणी पाठ होती. गुरुजी रविवारी तिला एस.टी.नं घेऊन येत. आजी खुर्चीवर मांडी घालून बसायची, सांगायची, आणि ताई एका शब्दाचा अर्थ कळत नसताना कानाला ऐकू येईल तसं देवनागरीत टाइप करत जायच्या. अडलं की हात वर करायच्या, आजी हसून पुन्हा सांगायची. “आजी म्हनते, बाई माझं बोलनं पेरून राह्यली,” असं एकदा गुरुजींनी सांगितलं तेव्हा ताईंचा चेहरा असा खुलला की काय सांगू. कागदावर काहीच नव्हतं. सगळं थेट मशीनमध्ये आणि एक प्रत फ्लॉपीवर. एका हिवाळ्यात आजी गेली. गुरुजी क्लबात येऊन त्या मशीनसमोर बसले. “आजी हाये इथं,” ताई त्यांना म्हणाल्या. “कुठी नाही गेली.”

आणि मग उन्हाळ्यातल्या एका सकाळी सगळंच बसलं. काही व्हायरस तारीख धरून बसतात. तो दिवस उजाडला की मशीनमधलं सगळं पुसून टाकतात. सकाळपासून ताईंच्या इन्स्टिट्यूटमधला फोन वाजत होता. मेडिकलवाल्याचं मशीन गेलं, प्राध्यापकांचं गेलं, आमच्या जिनिंगचं गेलं. मी धावत ताईंकडे पोचलो तेव्हा त्या आजीच्या गोष्टी ठेवलेल्या मशीनसमोर उभ्या होत्या आणि पडद्यावर काहीच नव्हतं. “प्रत हाये,” त्या म्हणाल्या, “प्रत हाये ना.” ती फ्लॉपी काढली आणि शेजारच्या, अजून चालू असलेल्या मशीनमध्ये घातली. त्यालाही तोच रोग होता. आणि आम्हाला वर्षभर खिडकी शिकवणाऱ्या ताईंनी घाईत त्या फ्लॉपीची खिडकी बघितली नाही; ती बंद होती. मशीन घरघरलं आणि आजी तिथूनही गेली.

ताई रडल्या नाहीत. दुपारी त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि कोर्टातल्या कारकुनाला विचारलं, “तुमचं मशीन धड हाये?” तो हो म्हणाला. “तुमच्या घरी मी कधी आलती काय तपासाले?” तो नाही म्हणाला. ताईंनी डब्यातली ती खास फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली. तिची खिडकी बंद होती. नवा मसाला चढवताना लावलेली, ती उघडायची राहून गेली होती. कुणाच्या तरी आजारी मशीनमधून व्हायरस तिच्यावर चढला, आणि त्या मसाल्याला तो ओळखताच येत नव्हता. “ज्याच्या ज्याच्या घरी मी गेली, त्याच्या त्याच्या घरी मी नेऊन दिला,” त्या म्हणाल्या. “आपल्या हातानं.”

आम्ही काय केलं? जे सगळी भली माणसं करतात तेच. “अहो ताई, मशीन आहे, चालायचंच.” “तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?” “सोडून द्या आता.” आमच्या तोंडून नुसती साखर गळत होती. आमचं जे गेलं ते पुन्हा उभं करता येण्यासारखं होतं, म्हणून मोठं मन दाखवण्यात आमचं काही जात नव्हतं. पण गुरुजीसुद्धा हात जोडून म्हणाले, “ताई, मनाले लावून घेऊ नका. मी माफ केलं.” आणि निघून गेले. ते पुन्हा क्लबात आले नाहीत.

त्या माफीनं ताईंचा घात केला. त्या दिवसानंतर नवा कुणी क्लबात आला की आधी त्या स्वतःची फ्लॉपी त्याच्याच हातून तपासून घ्यायच्या आणि आपली चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायच्या. आम्ही मध्येच बोलायचो, “जाऊ द्या ना ताई, झालं गेलं.” तेव्हा त्या अशा बघायच्या की मला अजून ते डोळे आठवतात. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “सुरेशभाऊ, तुमी सारे मले माफच करून राह्यले. कोनी एकजन तं म्हना का विमल, तू लय वाईट केलं. गुरुजीनं शिव्या देल्या असत्या तं मी एखांदा दिवस तरी झोपली असती.” मी काय म्हणालो? म्हणालो, “ताई, तुम्ही उगाच त्रास करून घेता.” मला वाटलं मी फार समजूतदारपणे बोललो. आज त्या शब्दांची लाज वाटते. त्या बाईचं ओझं मोठं होतं आणि आम्ही दर रविवारी ते ओझंच नाही म्हणून सांगत होतो.

पुढे फ्लॉप्या गेल्या, क्लबही पांगला. ताईंना पोटाचा आजार झाला. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा हाताची नुसती काडी राहिली होती. मला जवळ बोलावून म्हणाल्या, “गुरुजीले एकडाव आना. माफी मांगाले नाही. ते मिळाली मले. त्याले म्हना, खरं काय वाटते ते बोल.”

मी कळंबला गेलो. गुरुजी निवृत्त झाले होते, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. निरोप ऐकून बराच वेळ सोलतच राहिले. मग उठून सदरा बदलून आले.

दवाखान्यात ते खाटेजवळ उभे राहिले आणि सवयीनं म्हणाले, “काही नाही ताई, तुमच्या मनात काही वाईट नव्हतं.” ताईंनी तोंड फिरवलं. गुरुजींचे ओठ हलायला लागले. आणि मग तो मऊ बोलणारा माणूस एकदम ओरडला, “काहून नाही पाहिली तुमी खिडकी? काहून? माही आजी एकडाव मेली तं मी जाळून आलो. दुसऱ्यांदा मेली ते तुमच्या हातानं मेली! रातभर आठवतो, अर्धीच गोष्ट आठवते, पुढची येत नाही. पोराले काय सांगू मी?” पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. नर्स दारात आली.

ताईंनी मान पुन्हा वळवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता इतका मोकळा होता. त्यांनी गुरुजींचा हात धरला. “हाव गुरुजी,” त्या म्हणाल्या. “हाव. मी केलं.” त्याच आठवड्यात त्या गेल्या.

त्या दिवशी दवाखान्यातून निघाल्यावर आम्ही एस.टी. स्टँडवर चहाला थांबलो. गुरुजींनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. “मरनाऱ्या बाईले असं बोललो मी,” ते म्हणाले. “लागलं असन ना हो तिले?”

नाही हो, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. ते मी चहाच्या घोटाबरोबर गिळलं.

“लागलं, गुरुजी,” मी म्हणालो. “चांगलं लागलं.”

त्यांनी मान हलवली, बशीतला चहा संपवला, आणि कळंबची गाडी लागल्यावर उठले.