वहिनींना दाखवायचा जपान

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांइतका जपान फिरलेला माणूस दुबईच्या वेशीवरच्या आमच्या अख्ख्या अल नहदात सापडला नसता, आणि त्यांनी जपानात पाऊलही टाकलेलं नव्हतं. फुजैराच्या बंदरात नोकरी. तिथे तेल भरायला आलेल्या जहाजावरच्या एका जपानी माणसाने त्यांना गावोगावच्या किल्ल्यांचं कॅलेंडर दिलं, तेव्हापासून हे खूळ. लिफ्टमध्ये गाठ पडली की तळमजला येईपर्यंत एखादं देऊळ बघून व्हायचंच. माझ्या लेकीच्या वाढदिवसाला तर केक कापायचा थांबवून ते मात्सुमोतोच्या काळ्या किल्ल्यात शिरले. ती कळवळून म्हणाली, "अंकल, द कँडल्स आर मेल्टिंग!" "वितळू देत गं. किल्ला पाण्यात उलटा कसा दिसतो, ते ऐक आधी!"

हे वेड वाढलं ते मात्र वहिनींमुळे, त्यांच्या बायकोमुळे. त्यांना काचबिंदू, नजर हळूहळू जाणार हे डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. "त्याआधी हिला कानाझावाची बाग दाखवायची, बस्स, मग खलास!" असं म्हणत ते दरवर्षी रजा मागायचे आणि मॅनेजर दरवर्षी म्हणायचा, "नेक्स्ट इयर, इन्शाल्ला." एकदा रजा मिळाली, तर नेमकी गावी आई आजारी पडली. गेल्या वर्षी दोघं एकदाची गेली, तेव्हा वहिनींना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

दोघं परत आल्यावर आम्ही रात्रभराच्या व्याख्यानाची तयारी करूनच वर गेलो. पण शेजारी नुसते सगळ्यांचे कप भरत राहिले. वहिनीच बोलत होत्या. किल्ल्यातली लाकडी जमीन कशी कुरकुरते, ओल्या शेवाळाला कसा वास येतो, चहा देणाऱ्या म्हातारीचे हात किती गार होते. सगळे रंगून ऐकत होते, तेवढ्यात शेजारी उठून बाल्कनीत गेले. मी मागोमाग गेलो.

"वहिनी किती खूश आहेत!" मी म्हणालो.

"ती खूशच असते हो." खाली दुबईच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या, तिकडे ते बघत राहिले. "बागेत उभे होतो. झाडं अशी पेटलेली! ती म्हणाली, अहो, सांगा ना, कसं दिसतंय? जन्मभर बडबड केली, राव. तिथे मला 'लाल आहे' एवढंच म्हणता आलं."

आतून वहिनींची हाक आली, "अहो, त्या बागेतल्या तळ्याचं नाव काय हो?"

नाव त्यांना झोपेतही आलं असतं. पण त्यांनी हातानेच मला आत जायची खूण केली. मी आत जाऊन सांगितलं, "ते फोनवर आहेत, वहिनी."