कासरा ढिला सोडायचा

जैनाबादच्या सरुबाईंनी अडुसष्टाव्या वर्षी गाडी शिकायचं मनावर घेतलं आणि घरात सगळ्यांच्या भुवया उंचावल्या. गाडी सुनेची, वर्षाची. बॅटरीवर चालणारी दुचाकी, बेतानेच पळणारी, लायसन न लागणारी. सरुबाईंना जायचं होतं ते तापीचा पूल ओलांडून बऱ्हाणपुरात, धाकट्या बहिणीकडे. इंदुबाईंचे गुडघे गेलेले, त्या काही इकडे येऊ शकत नव्हत्या. मुलाला, मनोजला, म्हणावं तर केळीची तोड चालू आहे, परवा नेतो. तो परवा काही उजाडायचा नाही. सख्ख्या बहिणीला भेटायचं तरी कुणाची मनधरणी करावी लागते, याचा सरुबाईंना भारी राग होता.

शिकवणी मळ्याच्या वाटेवर सुरू झाली. सरुबाई म्हणजे कपाशीने भरलेली बैलगाडी एकटीने हाकत जिनिंगला नेणारी बाई. बैल थांबवायचे तर कासरा मागे ओढायचा, हे हाताला इतकं मुरलेलं की डोक्याला विचारायची गरजच नाही. वाटेत कोंबडी आडवी आली. सरुबाईंनी तोंडाने "हो, हो" केलं आणि दोन्ही मुठी जोरात मागे ओढल्या. बैल बिचारे थांबले असते. ही गाडी मात्र मूठ मागे पिळली की पळते. ती पळाली आणि सरुबाईंना घेऊन थेट केळीच्या बागेत घुसली.

वर्षा धापा टाकत पोचली, तर सासूबाई चिखलात बसून खदखदून हसत होत्या. कित्येक वर्षांत त्यांनी एकही नवी चूक केली नव्हती, आणि आज केली, याचाच त्यांना केवढा आनंद झाला होता.

मनोज हसला नाही. या वयात हाड मोडलं की माणूस अंथरूण धरतं, त्याची काळजी खोटी नव्हती. आता एकदा जरी पडलीस तरी गाडी कायमची बंद, असं त्याने आईला निक्षून सांगितलं.

वर्षाने मात्र खोड बरोबर हेरली. "बाई, गाडी तुम्हाले येते. हातच अजून बैलांचा हाय," ती म्हणाली. "डर लागला का कासरा ढिला सोडायचा न् ब्रेक दाबायचा, बस."

सगळंच उफराटं. मग सरुबाई रोज टीव्हीसमोर दोन्ही मुठींत लाटणं धरून बसायच्या. स्वयंपाकघरातून वर्षा मधेच "ट्रक" म्हणून ओरडायची, की इकडे मुठी सैल सोडायच्या. सुरुवातीला लाटणं पोटाशी यायचं. मग मांडीवर पडायला लागलं. हात शिकतोय हे पाहून सरुबाई लहान मुलीसारख्या हरखून जात.

एका सकाळी मनोज तोडीला गेला आणि सरुबाई पदर खोचून निघाल्या. पूल जवळ आला तोच बाजूच्या रस्त्याने केळीचे घड भरलेला ट्रॅक्टर समोर आला. मुठी मागे जायला निघाल्या, आणि तिथेच सैल पडल्या. बोटांनी ब्रेक दाबला. गाडी उभी राहिली. ट्रॅक्टर निवांत पुढे गेला आणि सरुबाईंनी मोठा श्वास घेऊन पूल गाठला. खाली तापी, अंगावर वारा, पुढ्यात कुणाची पाठ नाही. छाती आनंदाने धडधडत होती.

बहिणीच्या दारात त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला आणि हाक मारली. इंदुबाई भिंत धरत धरत बाहेर आल्या. हातातल्या ताटलीत नेहमीसारखे पाण्याचे दोन पेले होते, एक ताईला आणि एक तिला घेऊन येणाऱ्याला. त्या रस्त्याकडे डोकावल्या. "मनोज कुठं राह्यला?"

"कोणी नाही. मीच आली."

इंदुबाई गाडीकडे बघतच राहिल्या. सरुबाईंनी एक पेला घटाघटा संपवला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.