साचेखात्याचा वास

दौलत तांब्यांना कोणी उगाच चहा पाजला की ते आधी कपात बघतात, मग पाजणाऱ्याच्या तोंडाकडे. वय शहात्तर, जन्म वरळीच्या बीडीडी चाळीतला, संपापर्यंत नोकरी गिरणीत, रिंगखात्यात सूत काढायची. "काका, तुम्ही आमचेच" म्हणणाऱ्या इतक्यांनी त्यांना टोप्या घातल्यात, की गोड शब्द कानावर आला की त्यांच्या कपाळाला आठी पडते.

म्हणून नात प्रिती म्हणाली, "आजोबा, आमच्या म्युझियममध्ये चला, नुसता वास घ्यायचाय," तेव्हा काका सावध झाले.

"वास? कसला?"

"गिरणीचा. बाटलीत बनवलाय. तुम्ही बरोबर आहे म्हणालात की फलकावर तुमचं नाव. आणि हे काम नीट पार पडलं ना, तर मला परमनंट करतील."

म्हणजे मेख तिथे होती! नातीची नोकरी मध्ये आली, मग काय करता? गेले बापडे.

लालबागच्या एका बंद गिरणीच्या आवारातलं ते म्युझियम. खोलीत एकच खुर्ची, समोर कॅमेरा आणि हाताशी टिश्यूचा डबा. रडवायची जय्यत तयारी. काकांनी डबा लांब सारला.

वासाचे जाणकार म्हणून हितेंद्र नावाचे एक साहेब होते. बोलणं मधाळ. "काका, डोळ्यांच्या आधी नाक रडवतं माणसाला. इथून लोक डोळे पुसत बाहेर पडले पाहिजेत."

"का? त्यांचं कोण गेलंय?" काकांनी विचारलं. प्रितीने डोळे वटारले.

पहिली बाटली रिंगखात्याची. कापसाची धूळ, तेल, घाम. सगळं जागच्या जागी, पण मागून काहीतरी गोडसर येत होतं.

"ह्यात खीर कोणी सांडली?"

साहेब ओशाळले. "थोडी वेलची आहे. लोकांना आपलेपणा वाटावा म्हणून."

"रिंगखात्यात आपलेपणा नव्हता ओ, उकाडा होता. काढा ती."

साहेबांनी मुकाट लिहून घेतलं. एवढ्या पटकन ऐकतोय म्हणजे खरा डाव पुढेच आहे, काका मनात म्हणाले.

दुसरी बाटली साचेखात्याची, जिथे कापड विणायचे. खळीचा आंबूस वास आला. काकांनी बाटली खाली ठेवली.

"सांगा ना, आजोबा." प्रितीने फलकाचा मसुदा पुढे केला. 'साचेखात्याचा हा वास, दौलत तांबे यांच्या आठवणीतून.'

काकांच्या अंगाची लाही लाही झाली. "कोणी लिहिलं हे?"

"मी. तुम्ही गिरणीत होतात ना?"

चूक पोरीची नव्हती. घरात हे कोणी कधी बोललंच नव्हतं.

"साचेखात्यात नव्हतो. माझा बाप आनंदा, उभी हयात गिरणीत गेली, पण साच्याला हात लावू दिला नाही त्याला. साच्यात आडवा दोरा नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की नव्या दोऱ्याचं टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं असायचं. एका धोट्याला सगळ्यांची तोंडं. आमचं उष्टं कोणाला चालणार? मी भरती झालो तेव्हा ती शिवाशिव गेली होती म्हणे. साचेखात्याचं दार मात्र मलाही कोणी उघडलं नाही. मग कोणत्या नाकाने सांगू, बरोबर आहे म्हणून?"

मांडणीवर दोरा भरलेला एक लाकडी धोटा होता. काकांनी उचलला, तोंड लावलं आणि सुर्रकन दोरा ओढून काढला. तांब्यांच्या घराण्यात हे पहिल्यांदाच. ऊर भरून आला, पण त्यांनी कॅमेऱ्याकडे पाठ केली. मग धोटा साहेबांपुढे धरला. "घ्या. आता तुम्ही."

साहेबांनी हसत घेतला. दुसऱ्या हाताने डब्यातला टिश्यू काढला आणि धोट्याचं भोक पुसलं. एकदा, मग पुन्हा एकदा. कोरोनाच्या साथीनंतर कोणीही पुसेल, त्यांच्या मनात काही नसेलही. काकांना ते कळत होतं. तरी त्यांची नजर त्या टिश्यूवरून हलेना.

"हां," काका म्हणाले, "हे बरोबर आहे. अगदी साचेखात्यातलं. लिही प्रिती, ह्याच्याखाली मी सही करतो."

प्रितीने साहेबांकडे बघितलं नाही. तिने आधीची ओळ खोडली आणि आजोबा सांगतील तसं लिहायला घेतलं.